बद्धमुक्त जीव आणि नगरच्या कोटातील बंदी

बंध आणि मोक्ष हे शब्द व्यवहारात फार सैलपणे वापरले जातात. ज्याच्या दाराला बाहेरून कडी तो बद्ध आणि ज्याला मन मानेल तिकडे जाता येते तो मुक्त, अशी सामान्य जनांची समजूत असते. शास्त्राचा निवाडा याहून निराळा आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या चार पदार्थांत परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त आणि प्रपंच अनित्य होय. येथे साधकाने क्षणभर थांबावे. देवतांचे सामर्थ्य जीवाहून कितीतरी अधिक. आपापल्या अधिकाराप्रमाणे त्या फळेही देतात. तरी त्या नित्यबद्ध. जीव दुर्बळ, अनादि अविद्येने वेढलेला. तरी मोक्षाची योग्यता त्याचीच. यावरून सामर्थ्य वेगळे आणि मुक्ती वेगळी, हे सिद्ध होते. ज्याच्या हाती पुष्कळ सत्ता तो मुक्त, असा नियम नाही. आणि ज्याच्या हाती काहीच नाही तो केवळ तेवढ्यामुळे बद्ध, असाही नियम नाही.

या सिद्धांताची कसोटी पाहावयाची तर ती ग्रंथाबाहेरही पाहता येते. आजच्या अहिल्यानगरचा, म्हणजे जुन्या अहमदनगरचा भुईकोट किल्ला त्यासाठी दूर नाही. निजामशाहीत बांधलेला हा कोट 1803 साली इंग्रजांच्या हाती गेला. दिनांक 9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडण्यात आले आणि कार्यकारिणीतील बाराजणांना याच कोटात आणून ठेवण्यात आले. त्यांत पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, गोविंद वल्लभ पंत आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव हे होते. त्यांच्यावर खटला नव्हता, शिक्षेची मुदतही ठरलेली नव्हती. आरंभी वृत्तपत्रे आणि पत्रव्यवहार दोन्ही बंद होते.

या बंदिवासात ग्रंथरचना पुष्कळ झाली. नेहरूंनी 1944 साली 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथेच लिहिला. नरेंद्र देव वसुबंधूच्या अभिधर्मकोशाच्या भाषांतरात गढले होते. मौलाना आझादांनी एका स्नेह्यास उद्देशून पत्रे लिहिली. ती टपालात पडणे शक्य नव्हते, म्हणून लिहून जवळच ठेविली. 1946 साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने ती प्रसिद्ध झाली. ज्यांना खंदकाबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती त्यांची बुद्धी शतकानुशतके मागे जाऊन हिंडत होती, ही गोष्ट नि:संशय मननीय आहे.

येथे एक शंका संभवते. भिंतीआड राहूनही मन स्वतंत्र राहते, तर भिंतीचे दु:ख ते काय? परतंत्र राष्ट्राने स्वातंत्र्यासाठी, दास्यातल्या माणसाने सुटकेसाठी धडपडावे तरी कशाला? या शंकेचे उत्तर, हे वचन कोण कोणास सांगतो यावर अवलंबून आहे. बंदिवानाने स्वत:शी म्हणावे की आपला आत्मा कुलुपात नाही, तर ते धैर्य होय. तेच शब्द किल्ली कमरेला लावलेल्याने बंदिवानास ऐकविले तर ती लबाडी होय. रोग्याने वेदना सोसणे हा गुण आहे. पण रोगी सोसतो म्हणून वैद्याने औषध न देणे हे पाप आहे. मोक्षशास्त्र स्वत:चे बंध ओळखण्यासाठी सांगितले आहे, दुसऱ्याच्या गळ्यातला दोर शोभिवंत ठरविण्यासाठी सांगितलेले नाही.

आता दुसरी बाजू. त्या कोटातील एक प्रसंग अंत:करणास चटका लावणारा आहे. 1942 च्या ऑगस्टच्या आरंभी मौलाना कलकत्त्याहून मुंबईस निघाले, तेव्हा त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम दारापर्यंत आल्या आणि निरोपाच्या शब्दांपलीकडे काही बोलल्या नाहीत. पुढे त्यांचे दुखणे विकोपास गेल्याचे वर्तमान कोटात आले. सरकारकडे काही विनंती करावयाची असल्यास ती तत्काळ कळवू, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचविले. मौलानांनी नकार दिला. नेहरूंनी विषय काढला, त्यांनाही तेच उत्तर मिळाले. दिनांक 9 एप्रिल 1943 रोजी बेगम वारल्या. पतिपत्नींची भेट झाली नाही.

ज्याच्या हाती सुटकेची सत्ता त्याच्यापुढे हात न पसरणे, हे स्वातंत्र्याचे एक लक्षण आहे यात शंका नाही. परंतु या नकाराहून मोठी गोष्ट मौलानांनी नंतर केली. त्या दिवसांत त्यांची नित्याची दिनचर्या ढळली नव्हती, चेहऱ्यावर चलबिचल दिसली नव्हती. आणि तरीही त्यांनी आपल्या पत्रात कबूल केले की ही बाहेरची शांती बऱ्याच अंशी अभिमानाने रचलेला देखावा होती. आपल्या धीरगंभीरपणाला डाग लागू नये एवढ्यासाठी मन ते नाटक करीत होते.

शास्त्राच्या दृष्टीने ही कबुली फार मोलाची आहे. भिंतीचा बंध तुटला, भयाचा तुटला, याचनेचाही तुटला. तरी 'मी अविचल' हा एक तंतू शिल्लक राहिला. जाड दोर दिसतो म्हणून तोडता येतो. बारीक तंतू दिसतच नाही. तो ज्याला दिसला आणि ज्याने तो झाकला नाही, त्याने बंधाचे एक मूळ हाती धरले असे म्हणावे.

नगर जिल्ह्यातील सराळे गावचे म्हाइंभट हे याच जातीचे उदाहरण होय. विद्येचा अभिमान धरून ते वादास आले आणि सर्वज्ञांपुढे तो अभिमान गळाला. पुढे ज्यांनी आपल्या पांडित्याचा डंका मिरवावा, त्यांनीच इतरांच्या आठवणी हिंडून गोळा केल्या आणि त्यांतून लीळाचरित्र उभे राहिले.

या विचारात जुलेखा बेगमचा विसर पडू नये. पतीच्या नकाराची अर्धी किंमत त्या माउलीने मोजली. तिच्या मौनाचा मात्र ग्रंथ झाला नाही. आचारधर्मात साधकाला स्वदेश, स्वग्राम आणि संबंधी यांच्या संगाचा त्याग सांगितला आहे. तो त्याग खरा, पण त्यागणाऱ्यामागे राहिलेल्यांचे दु:ख त्याने खोटे ठरत नाही. 'माझे' म्हणणारी ममता टाकावयाची, दुसऱ्याची वेदना जाणणारी दया टाकावयाची नाही. जो घर सोडून निघाला आणि मागे कोण रडले हे ज्याने जाणूनही घेतले नाही, त्याने बंध तोडला नाही, केवळ तो दुसऱ्याच्या अंगावर टाकला. 1945 साली सुटका झाल्यावर कलकत्त्यास पोहोचताच मौलाना पत्नीच्या कबरीकडे गेले. त्यांच्या त्यागाला त्याने उणेपणा आला नाही. उलट पूर्णता आली.

तेव्हा 'बद्धमुक्त' या पदात आशा आणि सावधानता दोन्ही आहेत. आशा अशी की जीव कितीही वेढलेला असो, त्याची योग्यता कोणत्याही कोटाला हिरावता येत नाही. सावधानता अशी की दार उघडले म्हणून कोणी मुक्त झाला असे समजू नये. साधकाने रोज स्वत:स विचारावे: आज कोणता दोर तुटला, तो तोडल्याचा कोणता अभिमान नवा जडला, आणि त्याचा भार कोणावर पडला? या तीन प्रश्नांची खरी उत्तरे जो देऊ शकेल, त्याच्यापुरता बंध सैल होऊ लागला असे समजावे.