फेटिया, काचळी आणि वेषाच्या खरेपणाचा प्रश्न

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान असून, संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर यांमुळे या गावाला ‘बंजारा काशी’ असे म्हटले जाते. रामनवमीच्या यात्रेत येथे येणाऱ्या स्त्रियांपैकी बहुतेकींच्या अंगावर आज साडी असते. तरीही त्यांच्यात काही वृद्ध स्त्रिया फेटिया (कमरेचा घेरदार घागरा), काचळी (पाठीवर बंदांनी बांधावयाची, आरशांनी मढवलेली चोळी) आणि टुकरी (डोक्यावरून घ्यावयाची ओढणी) या जुन्या वेषात आढळतात, आणि त्यांच्याबरोबर एरवी शाळा-महाविद्यालयाच्या पोशाखात वावरणाऱ्या मुलीही यात्रेपुरता, तीजेपुरता किंवा 15 फेब्रुवारीच्या सेवालाल जयंतीपुरता तोच वेष धारण करतात. आजीचा जो रोजचा पोशाख होता तो नातीने उत्सवापुरता घातला, तर तो तिचा वेष राहतो की ते केवळ सोंग ठरते, हा प्रश्न वरवर पाहता रूढीचा वाटला तरी मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे, कारण त्यात माणूस आणि त्याचे बाह्य रूप यांच्या नात्याचा निवाडा करावा लागतो.

सोंग म्हणजे फसवणूक, असे समीकरण भारतीय विचाराने कधीच मान्य केलेले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांत वेषभूषा व रंगभूषा यांना ‘आहार्य’, म्हणजे बाहेरून आणलेला अभिनय, असे नाव आहे. आणि नव्यन्यायात तोच शब्द ज्ञानाच्या एका विशिष्ट अवस्थेसाठी वापरला जातो, जीत वस्तू तशी नाही हे पक्के ठाऊक असूनही मनुष्य इच्छेने ती तशी आहे असे मानतो. भ्रमात माणसाला सत्य कळलेले नसते, कपटात ते दुसऱ्यापासून लपवलेले असते, तर आहार्य ज्ञानात ते उघड असते आणि तरी कल्पना स्वीकारलेली असते. एकनाथांच्या भारुडातील वासुदेव किंवा गावोगाव फिरणारा बहुरूपी याच न्यायाने निर्दोष ठरतो. जपानमधून जगभर पसरलेल्या ‘कॉस्प्ले’ या छंदात चित्रकथेतील किंवा चित्रपटातील पात्राचा पोशाख घरी शिवून मेळाव्यात घालणारा तरुणही कोणाला फसवीत नाही, कारण आपण ते पात्र नाही हे त्यालाही ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही. परंतु पोहरादेवीला आलेली नात या चौकटीत बसत नाही. ती काल्पनिक पात्र रंगवीत नाही, आणि जिचा वेष तिने घेतला ती स्त्री अनेकदा त्याच जत्रेत तिच्या शेजारी बसलेली असते.

याच जिल्ह्यात वेषाच्या प्रश्नाची आणखी दोन उत्तरे शेकडो वर्षांपासून नांदत आहेत. कारंजा लाड ही दत्तसंप्रदायातील नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. संन्यासमार्गात काषाय वस्त्र हे व्रताच्या मागून येते, आधी दीक्षा आणि मग वेष, आणि म्हणूनच दीक्षेवाचून भगवे नेसणाऱ्याला संतांनी कठोर शब्दांत झोडपले आहे. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या बाबतीत तर वाद खुद्द मूर्तीच्या रूपाचा आहे. दिगंबरांच्या दृष्टीने तीर्थंकराचे निर्वस्त्र असणे हाच त्यांच्या वैराग्याचा आविष्कार आहे, तर श्वेतांबर परंपरेत मूर्तीवरील कटिसूत्र आणि कच्छ यांचे अंकन पूजेला बाधक ठरत नाही. आणि हा मतभेद इतका खोल आहे की 1981 पासून 2023 पर्यंत तेथील मंदिर कुलूपबंद राहिले. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु वस्त्र ही बाहेरची, म्हणून गौण वस्तू आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी शिरपूरचा हा इतिहास अवश्य लक्षात घ्यावा.

बंजारा वेषाचे उत्तर या दोहोंपेक्षा निराळे आहे, आणि ते कळण्यासाठी काचळीचा एक तुकडा जवळून पाहावा लागतो. आरशाला भोक नसते; म्हणून कापडावर तो ठेवून आधी आडवे-उभे चार धागे त्याच्या तोंडावरून ताणले जातात, आणि मग कडेने टाका घालत त्या धाग्यांना बाहेर ओढून आरशाभोवती दोऱ्याची घट्ट चौकट उभी केली जाते. कवडीची फुगीर पाठ घासून काढली की ती सपाट बसते आणि तिच्यातून दोरा जातो. नाणी, लोकरीचे गोंडे, घुंगरू हे सारे अशाच रीतीने एकेक करून जडवले जाते, आणि जुना फेटिया विरला तरी त्याच्यावरचे भरतकाम कापून नव्या कापडावर लावले जाते, त्यामुळे एकाच वस्त्रात दोन-तीन पिढ्यांचे टाके शेजारी शेजारी असू शकतात. वेदान्तात ‘उपाधी’ ही संज्ञा आहे: लाल फुलाशेजारी ठेवलेला स्फटिक लाल दिसतो, पण तो रंग त्याचा नसतो, तसे देह, जात, वेष हे आत्म्याला चिकटल्यासारखे दिसणारे बाह्य धर्म होत. हा विचार मोक्षाच्या पातळीवर खरा मानला, तरी ज्या हातांनी महिनोन्‌महिने टाके घातले त्या हातांसाठी हा वेष शेजारी ठेवलेले फूल नव्हे. तो त्यांच्या श्रमाचा, लक्षाचा आणि स्मरणाचा घडलेला आकार आहे. म्हणून प्रस्तुत विवेचनाचा दावा असा की, वेषाचा खरेपणा तो किती दिवस अंगावर राहिला यावर ठरत नाही. तो कोणाच्या हातून आला आणि घालणारी त्या हातांशी कोणते नाते सांगते, यावर ठरतो.

हा वेष रोजच्या वापरातून गेला तो कोणाच्या लहरीने नव्हे. बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेण्याचा व्यापार, म्हणजे लदेणी, हा तांड्यांचा आधार होता; रेल्वे आल्यावर तो मोडला, आणि 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांना, त्यांत काही प्रांतांतील बंजाऱ्यांनाही, जन्मतःच संशयित ठरवले. तो कलंक कागदोपत्री पुसला गेला तो 31 ऑगस्ट 1952 रोजी. ज्या काळात दुरून ओळखू येणे हेच संकट होते, त्या काळात ओळख सांगणारा वेष उतरवून साडी नेसणे हा शहाणपणा होता, आणि पुढे शेतमजुरी व ऊसतोडीच्या कामात तो जड वेष झेपणारही नव्हता. त्या स्त्रियांना परंपरा सोडल्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. उलट, ज्या वस्त्रामुळे पणजीकडे संशयाने पाहिले गेले तेच वस्त्र पणतीने शेकडो लोकांसमोर ताठ मानेने घालावे, यात सोंगाचा लवलेशही नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. जुन्या वेषात अलंकार हे स्त्रीच्या वैवाहिक स्थितीची खूण होते: केसांत गुंफलेली घुगरी आणि दंडावरचा चुडा सौभाग्यवतीचा, आणि पतीच्या मृत्यूनंतर ते उतरवावे लागत. उत्सवातील नव्या वेषात अविवाहित मुलीही घुगरी घालतात आणि ही भाषा विस्कटते. काही वडीलधाऱ्यांना ते अज्ञान वाटते. पण वैधव्याची शिक्षा वस्त्रातून निघून गेली आणि टाका मात्र टिकला, तर धर्मदृष्ट्याही ती प्राप्तीच मानावी लागेल. याउलट सर्व समाजाची ओळख केवळ स्त्रीच्या अंगावर वाहिली जावी आणि पुरुषांनी शर्ट-पॅन्ट घालून तिचे छायाचित्र काढावे, ही विषमता अजून तशीच आहे, आणि तिचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने करता येत नाही. सेवालाल महाराजांच्या भक्तीचे चिन्ह म्हणजे नक्षीविना साधा पांढरा झेंडा होय. तो उचलण्यासाठी कोणताही वेष लागत नाही, म्हणून साडीत किंवा सलवार-कमीजमध्ये आलेली भाविक स्त्री कोणत्याही अर्थाने उणी ठरत नाही.

चिंतेची बाब वेगळीच आहे. आता बाजारात यंत्रावर शिवलेले, प्लास्टिकचे आरसे चिकटवलेले तयार फेटिये मिळतात आणि कार्यक्रमापुरते भाड्यानेही आणता येतात. परवडत नसलेल्या घराने ते आणले तर त्यात गैर काही नाही. परंतु सर्वांनीच ते आणले, तर ज्या नात्यावर या वेषाचा खरेपणा उभा आहे ते नातेच उरणार नाही, आणि मग नातीच्या अंगावरचा पोशाख व शाळेच्या स्नेहसंमेलनातील पोशाख यांत फरक करणे कठीण होईल. पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले ही समाधानाची गोष्ट आहे. पण टाका काचेच्या पेटीत शिकता येत नाही, तो शेजारी बसूनच शिकावा लागतो. वाशीम, यवतमाळ आणि आसपासच्या तांड्यांत आरसा बांधणाऱ्या वृद्ध स्त्रिया अजून आहेत. तेव्हा तीज आणि जयंतीचे कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळांनी एवढे करावे: वेषभूषेच्या स्पर्धेत मंचावर येणाऱ्या मुलीच्या नावाबरोबर तिची काचळी शिवणाऱ्या स्त्रीचेही नाव पुकारावे, आणि जिने निदान एक आरसा स्वतःच्या हाताने बांधला असेल तिला बक्षिसात पहिला मान द्यावा.