गरीब गावाला ऑर्गन कशाला?

चर्चसाठी काही नवे करायचे ठरले, की धर्मग्रामाच्या सभेत एक प्रश्न हमखास निघतो. वेदीमागची भिंत सजवायची असो, घंटा बदलायची असो, की गायकवृंदासाठी वाद्य घ्यायचे असो, कुणीतरी उठून विचारतो, "हेच पैसे गरिबांना दिले तर?" काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, काहींना मनातून बरे वाटते, आणि बहुतेक वेळा विषय पुढच्या सभेवर जातो.

हा प्रश्न थेट शुभवर्तमानातला आहे. बेथानी येथे मरियेने प्रभू येशूच्या चरणांना मौल्यवान सुगंधी तेल लावले, तेव्हा हे तेल तीनशे दिनारांना विकून पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत, असे विचारले गेले. तीनशे दिनार म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई. विचारणारा यहुदा होता व त्याचा हेतू शुद्ध नव्हता, असे संत योहान सांगतो. परंतु संत मत्तयच्या शुभवर्तमानात हीच कुरकुर शिष्य करतात, आणि ते काही चोर नव्हते. तेव्हा विचारणाऱ्याला यहुदा ठरवून आपली सुटका होत नाही. प्रामाणिक माणसालाही हा प्रश्न पडतो आणि पडायला हवा.

त्याचा विचार करताना एका खेड्यातल्या चर्चमधला ऑर्गन आणि तो बांधणारा धर्मगुरू आमच्या डोळ्यांपुढे येतो.

फिलिपाइन्सची राजधानी मनिला. तिच्या दक्षिणेला लास पिन्यास नावाचे ठिकाण आहे. आज ते महानगराचाच भाग झाले आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी ते मासेमारी करणाऱ्या आणि मीठ पिकवणाऱ्या माणसांचे लहानसे गाव होते. वसईच्या मिठागरांच्या आसपास वाढलेल्या वाचकांना ते गाव कल्पनेत उभे करणे अवघड जाऊ नये. 1795 साली तिथे पहिले धर्मगुरू म्हणून फादर दिएगो सेरा आले. ते मूळचे स्पेनमधल्या ग्राउस या गावचे, अगस्तीनियन रेकोलेक्ट संघाचे. वास्तुकलेचे आणि रसायनांचे त्यांना ज्ञान होते, आणि ऑर्गन बांधण्याची कला हातात होती. 1797 ते 1819 या काळात त्यांनी गावात दगडी चर्च उभारले. ते पुरे होण्याआधीच, 1816 साली, त्यांनी ऑर्गनचे काम हाती घेतले, तेही बांबूचे!

पाइप ऑर्गन ज्यांनी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. त्याचे तत्त्व आपल्या बासरीचेच. भात्याने हवा कोंडून ठेवायची, पट्टी दाबली की ती एका नळीत सोडायची, आणि नळीच्या ओठावर आपटून हवा गाऊ लागते. फरक एवढाच की बासरीत एकच नळी बोटांनी अनेक सूर देते, तर ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी लागते. शिवाय त्याच सुराचा मऊ आवाज वेगळा हवा, तीक्ष्ण वेगळा हवा, तर नळ्यांची आणखी एक रांग. नळी दुप्पट लांब केली की सूर एक सप्तक खाली उतरतो. म्हणून करंगळीएवढ्या नळीपासून माणसाहून उंच नळीपर्यंत सगळी बिरादरी एका पेटाऱ्यात नांदवावी लागते. युरोपात या नळ्या शिसे व कथील यांच्या मिश्रधातूच्या किंवा लाकडाच्या करतात. लास पिन्यासच्या ऑर्गनमध्ये 1031 नळ्या आहेत, आणि त्यांतल्या 902 बांबूच्या आहेत.

बांबूचे दुखणे आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या अंगात पिठूळ अंश असतो, त्यावर भुंगा टपलेला असतो. चार पावसाळे काढायच्या आधीच घराच्या वाशातून भुसा गळू लागतो. म्हणून आपल्याकडचे जुने लोक बांबू तोडून खाडीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवत. फादर सेरा यांनी तोडलेले बांबू समुद्रकाठच्या वाळूत कित्येक महिने पुरून ठेवले. नंतर उकरून पाहिले. कीड लागलेले टाकून दिले, टिकलेले कामाला घेतले. त्या महिन्यांत ऑर्गनचे काम दिसण्यासारखे काहीच झाले नसणार. वाळूवरून माणसे ये-जा करीत असतील आणि खाली संगीत पडून असेल. आम्हाला या हकिकतीतला हा भाग सर्वांत प्रिय आहे.

पण बांबूने सगळे साधले नाही. 1821 साली ऑर्गन वाजू लागला, तरी तुताऱ्या बसायच्या होत्या. स्पॅनिश ऑर्गनच्या दर्शनी भागात आडव्या तुताऱ्या असतात. त्यांचा आवाज धातूच्या थरथरणाऱ्या जिभेतून निघतो आणि पुढे रुंदावत जाणाऱ्या कर्ण्यातून बाहेर पडतो. बांबू असा रुंदावत नाही. 1824 साली फादरांनी त्या नळ्या धातूच्या करायचे ठरवले आणि ऑर्गन पुरा झाला. बांबूचा हट्ट धरून त्यांनी सूर बिघडू दिला नाही. जे गावात उगवते ते गावातून घेतले आणि त्याने जिथे भागेना तिथे धातू घेतला.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. तो ऑर्गन अपव्यय होता का?

आम्हाला वाटते, खर्चाच्या आकड्यावरून हे ठरत नाही. एखाद्या श्रीमंताने परदेशातून झगमगीत वस्तू मागवून गरीब वस्तीच्या चर्चमध्ये बसवली, खाली पितळेची पाटी लावली, तर तिची किंमत शून्य असूनही (कारण गावाने काहीच दिले नाही) ती गावाला परकीच राहते. याउलट ज्या बांबूच्या काठीने गावाची घरे शाकारली जात, तोच बांबू दिव्य उपासनेत गाऊ लागला, तर गावाकडून काही हिरावले गेले असे म्हणता येईल का? गरिबाला फक्त भाकरी लागते, सौंदर्य लागत नाही, हा विचार गरिबांच्या कैवाराचा दिसतो, पण त्यात एक सूक्ष्म तुच्छता आहे. मिठागरात राबणाऱ्या माणसालाही कान असतात.

तरी एक बोच उरते, ती लपवणे बरे नाही. तो काळ स्पॅनिश राजवटीचा होता. पुरुषांकडून वर्षाला चाळीस दिवस सक्तीचे काम करून घेण्याची पद्धत त्या वसाहतीत होती. रस्ते, पूल, जहाजे, चर्चेस यांच्यामागे असे घामाचे दिवस होते. जगाला फादर सेरा यांचे नाव ठाऊक आहे. ज्यांनी बांबू तोडले, वाहिले, वाळूत पुरले त्यांची नावे आपण घेत नाही. देवाच्या मंदिरातली सुंदर वस्तू पाहताना किंमत विचारण्यापेक्षा ती कुणी मोजली, राजीखुशीने मोजली का, हे विचारणे अधिक ख्रिस्ती आहे, असे आमचे मत आहे. आपल्या सणाच्या वर्गणीलाही हे लागू पडते. अमुक कुटुंबाने अमुक रक्कम दिलीच पाहिजे असे ठरवून बांधलेला मखर कितीही देखणा असो, त्यात थोडी सक्ती मिसळलेली असते.

फादर सेरा 1832 साली मनिला येथे देवाघरी गेले. त्यानंतर भूकंप झाले, वादळे आली, चर्चचे छप्पर गेले, ऑर्गन पावसात भिजला. नळ्या काढून ठेवाव्या लागल्या आणि तो कित्येक वर्षे मुका होता. पुढे डागडुजी होत राहिली, पण पुरती दुरुस्ती झाली ती 1973 ते 1975 या काळात, जर्मनीतल्या बॉन शहरी, क्लाइस यांच्या कारखान्यात. बांबूचा ऑर्गन समुद्र ओलांडून युरोपात जातो, तोही मनिलाच्या झोपडपट्ट्यांत माणसे उपाशी असताना! बेथानीचा प्रश्न तिथेही पुन्हा विचारण्यासारखाच होता. मार्च 1975 मध्ये ऑर्गन परत आला, तेव्हा गावाने उत्सव केला, आणि मे महिन्यात ट्रीअर कॅथीड्रलच्या ऑर्गनवादकाने येऊन तो वाजवला. 1976 पासून दरवर्षी तिथे संगीत महोत्सव सुरू झाला. युरोपात ही विद्या शिकून आलेल्या स्थानिक कारागिरांनी 1994 साली फादर सेरा यांच्याच नावाने ऑर्गन बांधण्याचा कारखाना काढला आणि देशातले जुने ऑर्गन दुरुस्त करण्यास सुरुवात केली. 2003 साली या ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा मान मिळाला. पर्यटक आले, रोजगार आला, म्हणून खर्च योग्य ठरला असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बेथानीच्या तेलातून कुणाला रोजगार मिळाला नव्हता. आम्हाला मोलाचे वाटते ते एवढेच, की ज्या गावात पूर्वी एकट्या फादरांच्या हातात ही कला होती, तिथल्या मुलांच्या हातात ती आली.

आपल्याकडे मराठीतून मिस्सा सुरू झाल्यावर पेटी-तबला वेदीजवळ आला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 साली पाइप ऑर्गनचा गौरव करतानाच, योग्य असतील ती इतर वाद्ये व त्या त्या लोकांचे संगीतही उपासनेत घेण्यास वाट मोकळी केली होती. पेटीही भात्याच्या हवेवरच गाते. आता बटण दाबले की तबला, बासरी, व्हायोलिन सगळे देणारे कीबोर्ड आले आहेत. ते स्वस्त आहेत, सोयीचे आहेत, आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. फक्त बटणाच्या तालावर गाणारा गायकवृंद आणि तबला शिकायला दर शनिवारी येणारा गावातला मुलगा, यांत धर्मग्रामाचा पैसा व वेळ कुठे जावा, याचा हिशेब सभेत कुणी मांडत नाही. गरिबांचा वाटा आधी बाजूला काढून मग हा हिशेब मांडला, तर तो उठून विचारणारा माणूसही कदाचित बसून ऐकेल.

लास पिन्यासला काम सुरू झाल्यापासून तुताऱ्या बसेपर्यंत आठ वर्षे गेली. येत्या सभेत कुणी आठ वर्षे मागितली, तर आपण त्याला काय सांगू?