सारथी बदलण्यापूर्वी



खंडेनवमीस आपल्या पिरनवाडीत शस्त्रे व अवजारे यांच्या जोडीने वाहनांचीही पूजा होते. ज्या साधनाने घरात अन्न येते त्यास देवरूप मानून नमस्कार करावा, ही पूर्वजांची दृष्टी. पूर्वी नांगर, विळा व रंधा पूजेस येत. आज त्यांच्या रांगेत दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर व मालवाहू टेंपो येऊन उभे राहतात. ते योग्यच आहे. परंतु ज्याची पूजा करावयाची त्याचे स्वरूपही थोडे जाणून घ्यावे, म्हणजे पूजा केवळ झेंडूच्या माळेपुरती उरत नाही. त्या हेतूने आम्ही आज एका लहानशा पेटीविषयी चार शब्द निवेदन करीत आहोत. आमचे शिक्षण माध्यमिक शाळेपर्यंतचे. शास्त्रातील जे थोडे कळते ते वडिलांच्या पूजेशेजारी बसून ऐकलेले. तेव्हा अधिकारवाणीने नव्हे, तर आपल्यासह विचार करावा म्हणून हे लिहितो.

कठोपनिषदात यमधर्म नचिकेत्यास रथाचा दृष्टांत देतो. शरीर हा रथ, आत्मा हा रथाचा स्वामी, बुद्धी हा सारथी, मन हा लगाम, इंद्रिये हे घोडे आणि विषय हे त्यांचे मार्ग. स्वामीने कोठे जावयाचे ते ठरवावे. परंतु घोडे आवरण्याचे काम सारथ्याचे.

आजच्या मोटारगाडीतही असा एक सारथी बसविलेला असतो. त्यास गॅरेजमध्ये ईसीएम म्हणतात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूल. इंधन व ठिणगी या दोहोंचा हिशेब एकाच संगणकी पेटीने ठेवावा, अशी योजना जर्मनीतील बॉश कंपनीने 1979 साली बीएमडब्ल्यूच्या गाडीत आणली. पुढे धुराविषयीचे कायदे जसजसे कडक झाले, तसतशी ही पेटी सर्वत्र पसरली. आपल्या देशात 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाल्यावर तर साध्या दुचाकीतही ती आली. इंजिन किती तापले, हवा किती आली, इंजिनाचा दांडा कोणत्या क्षणी कोठे फिरला, हे सेन्सर नावाची ज्ञानेंद्रिये तिला सांगतात. ती एका सेकंदात अनेक वेळा निर्णय करते. आणि इंजेक्टर, कॉइल आदी कर्मेंद्रिये तो निर्णय पार पाडतात. मधल्या वायरी म्हणजे लगाम, आणि बॅटरी म्हणजे प्राण.

आता एक दृष्टांत घेऊ. एका गृहस्थाच्या टेंपोवर सहा जणांचे पोट आहे असे समजा. पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाकडे माल नेताना गाडी मध्येच बंद पडते, पुन्हा चालू होते, पुन्हा बंद पडते. कोणी ओढून ती गॅरेजपर्यंत आणतो. घाईत असलेला मेस्त्री बॉनेट उघडतो व म्हणतो, "ईसीएम गेली. बदलावी लागेल." हजारो रुपयांचा तो शब्द ऐकताच गृहस्थाच्या तोंडचे पाणी पळते. तो उधार-उसनवार करून नवी पेटी बसवितो. चार दिवस गाडी चालते, आणि पाचव्या दिवशी नवी पेटीही जळते. दोष पेटीत नव्हताच. तो एका उघड्या पडलेल्या वायरीत होता. तिने पहिली पेटी जाळली, तशीच दुसरीही जाळली.

या दृष्टांतात कोणा एका कारागिराची निंदा नाही. जाणता मेस्त्री असे करीत नाही. तो प्रथम प्राण पाहतो: गाडी बंद असता बॅटरीत सुमारे साडेबारा व्होल्ट आहेत की नाहीत, इंजिन चालू असता ते चौदाच्या आसपास जातात की नाहीत. मग फ्यूज व रिले पाहतो. मग अर्थची वायर जेथे सांगाड्यास घट्ट बसते तेथील गंज खरवडून पाहतो. कारण जमिनीशी नाते सुटले की शहाण्यातला शहाणाही भरकटतो. मग जोडाच्या पिना पाहतो, त्यांत पाणी शिरून हिरवी बुरशी धरली आहे काय. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत काय, हेही पाहतो. श्रीगणरायाचे वाहन आपल्या वाहनावर असे अधूनमधून उपकार करीत असते! स्कॅनर लावून जो अंक मिळतो त्यासही तो अंतिम निकाल मानीत नाही. तो अंक कोणत्या मार्गावर गडबड आहे एवढेच सांगतो. अपराधी कोण, हे शोधावेच लागते. बहुतेक गाड्यांत अनेक सेन्सरांस पाच व्होल्टांचा पुरवठा एकाच ठिकाणाहून होतो. त्यांपैकी एक जरी आतून जुळून गेला, तरी बाकीचे सारे खोटे बोलू लागतात आणि पेटीच मेली असे भासते. त्या एकाचा जोड काढताच सारी सभा पुन्हा शुद्धीवर येते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील वारा व नाव यांचा दृष्टांत वाचकांस ठाऊकच आहे. एका स्वैर इंद्रियाची शक्ती किती, याचे प्रत्यंतर गॅरेजमध्येही मिळते.

हे सर्व पाहूनही पेटीच नादुरुस्त ठरली, तर मात्र मोह धरू नये; ती दुरुस्त करून घ्यावी वा बदलावी. परंतु बदलण्याचाही विधी आहे. त्याच क्रमांकाची व त्याच गाडीस योग्य अशी पेटी आणावी. बॅटरीची ऋण तार सोडून मगच जुनी काढावी. नवी पेटी कोरी असते. आपण कोणत्या गाडीत बसलो हे तिला माहीत नसते. तिला गाडीचा चॅसी क्रमांक शिकवावा लागतो, चावीची ओळख पटवावी लागते, अनेक डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा अंकही तिच्यात भरावा लागतो. बटूला मुंज लागताच वेद येत नाहीत, गुरूजवळ बसून शिकावे लागते, तसेच हे. आणि ज्या कारणाने पहिली जळली ते कारण दूर केल्याखेरीज दुसरी बसवू नये, हा या विधीतील मुख्य मंत्र.

येथे दोन मोह आडवे येतात, त्यांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. पहिला मोह, कोठून आली हे न विचारता स्वस्तात मिळणारी जुनी पेटी घेण्याचा. ती चोरीच्या गाडीतील असेल, तर कोणाच्या तरी अश्रूंवर आपले चाक फिरणार. पावती मागावी, पावती नसेल तर ती वस्तू नको. दुसरा मोह, समोरच्या फलकावर पेटलेला इंजिनाचा पिवळा दिवा दोष न काढता नुसता पुसून टाकण्याचा आणि मग गाडी विकून मोकळे होण्याचा. तो दिवा म्हणजे गाडीची सदसद्विवेकबुद्धी होय. ती गप्प केल्याने दोष जात नाही. तो विश्वासाने घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. उद्या घाटाच्या वळणावर त्याची मुलेबाळे त्या गाडीत असतील, हे विकणाऱ्याने विसरू नये.

वाचकहो, गाडीचे इतके सांगितले ते घराकडे वळावे म्हणून. आपल्या घरांत रोज काय चालते? सासरे विचारले एक आणि उत्तर देतात दुसरे; लगेच आपण म्हणतो, "म्हाताऱ्याची बुद्धी फिरली." कोणी त्यांच्या कानांची तपासणी केलेली नसते. मुलगा गणितात मागे पडतो, आपण म्हणतो, "याच्या डोक्यात काही शिरतच नाही." शेवटच्या बाकावरून त्यास फळा दिसतो काय, हे कोणी विचारलेले नसते. सून चिडचिड करते; "स्वभावच वाईट," असा निकाल लागतो. पहाटेपासून रात्रीपर्यंत तिच्या प्राणशक्तीत किती व्होल्ट उरले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. सारथी बिघडला, असे म्हणणे सोपे आहे. तारा तपासणे कष्टाचे आहे. आणि गाडीची पेटी बाजारात दुसरी मिळते. माणूस मिळत नाही. एकदा "हा कामातून गेला" असा शिक्का मारला, की तो माणूस हळूहळू तसाच होत जातो, आणि मग आपण म्हणतो, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो काय!

यासाठी कोणाच्याही बुद्धीस दोष देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. त्यास पुरेसे अन्न, झोप व विश्रांती आहे काय? त्याचे घराशी, आपल्या माणसांशी नाते घट्ट आहे काय, की मध्ये अबोल्याचा गंज चढला आहे? आणि त्याच्या कानाडोळ्यांतून आत जाणारी वार्ता खरी आहे काय, की कोणी एक जण सतत खोटे सांगून सारे घर बिघडवीत आहे? हे तिन्ही पाहिल्यावर बहुतेक वेळा सारथी निर्दोष आढळतो. खरोखरच मनाचा आजार आढळला, तर लाज न बाळगता वैद्याकडे न्यावे. तेथे अंगारा पुरत नाही.

शेवटी पूजेविषयी एक विनंती. खंडेनवमीस गाडी धुताना इंजिनावर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका. नारळ चाकापुढे जमिनीवर वाढवावा, बॉनेटवर नव्हे. त्याचे पाणी फटींतून वायरींच्या जोडात उतरते. तीर्थ फुलाने शिंपडावे, तांब्याने ओतू नये. देवास थेंब पुरतो. गाडीच्या सांगाड्यास वेल्डिंग करावयाचे असेल, तर आधी बॅटरी सोडून पेटीचा जोड काढण्यास मेस्त्रीस सांगावे. यात भक्ती कमी होत नाही. ज्याची पूजा केली त्याची काळजी घेणे हीच पूजेची पूर्तता.

आपल्या रथाचा सारथी सावध राहो, आणि दुसऱ्याच्या सारथ्यास दोष देण्यापूर्वी त्याच्या तारा तपासण्याचा धीर आपणांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.