नॉटिंगहॅमचं खूळ

तुझी मेल वाचली. सोबतचा शहरांचा तक्ताही पाहिला. दुकानं किती, नॉटिंगहॅमच्या वॉरहॅमर वर्ल्डपासून अंतर किती, वर्षभरात स्पर्धा किती, असे सगळे रकाने भरलेस, त्यांना हिरवे-पिवळे रंग दिलेस आणि खाली विचारलंस, “सर, तुम्हाला काय वाटतं?” जे वाटतं ते ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच विचारलं असशील, असं धरून चालतो.

लीड्सची कंपनी तुला नोकरी देते आहे. व्हिसासाठी स्पॉन्सर व्हायला तयार आहे. शुक्रवारपर्यंत होकार मागते आहे. आणि तुझ्या मनात काय, तर हे नाकारावं आणि नॉटिंगहॅममध्ये काही जमतंय का ते बघत बसावं! परवा तुझ्या आईचा फोन आला होता. “सर, त्या बाहुल्यांपायी हा हातची नोकरी घालवतोय,” म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, बाहुल्या म्हणू नका, ते वॉरगेमिंगचे सैनिक आहेत, आणि हा नाद त्याला मीच लावलाय. नववीच्या वर्गात बाकं जोडून, खडूच्या तुकड्यांच्या पलटणी आणि शर्टाच्या बटणांच्या तोफा मांडून असईची लढाई खेळवली ती मीच. त्यामुळे छंदाची टिंगल माझ्याकडून होणार नाही. छंदासाठी गाव निवडायलाही माझी ना नाही. मला चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. ज्या छंदासाठी एवढा आटापिटा करतोस, तो चालतो कशावर, याचा तुझ्या तक्त्यात एकही रकाना नाही.

आधी व्यवहाराचं, कारण तिथे तू गाढ झोपलेला दिसतोस. ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा तुला बोलावणाऱ्या कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी बदलायची तर नव्या कंपनीनेही स्पॉन्सर व्हायला हवं आणि तू नव्याने अर्ज करायला हवा. नोकरी गेली, तर साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा. जुलै २०२५ पासून या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण मर्यादा ४१,७०० पौंडांवर गेली आहे. वर आरोग्य अधिभार, माणशी वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचा एकदम, अर्जाबरोबरच भरायचा. एवढे उंबरे ओलांडून तुझ्या हातात एक पत्र आलंय. ते बाजूला ठेवून ‘नॉटिंगहॅमला बघू’ म्हणणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही. आळशी म्हणेन. तक्ता भरणं सोपं असतं, नियमावली वाचणं कंटाळवाणं असतं.

आता नॉटिंगहॅम. त्या गावाचं माहात्म्य मला सांगू नकोस, मी तुला सांगतो. गेम्स वर्कशॉप १९७५ मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केली, आणि सुरुवातीला ते लाकडी पट बनवत होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रायन अ‍ॅन्सेल यांच्या बरोबरीने न्यूअर्कला सिटाडेल मिनिएचर्स उभी राहिली. १९८३ मध्ये वॉरहॅमर हा खेळ आला, १९८७ मध्ये वॉरहॅमर ४०,०००, आणि धंद्याचं बूड लंडनहून नॉटिंगहॅमला सरकलं. तिथे सैनिक घडवणारे, साचे करणारे, ओतणारे, नियम लिहिणारे जमले. त्यांतले काही पुढे बाहेर पडले आणि त्यांनी त्याच परिसरात आपापली दुकानं थाटली. पेरी बंधू तिथलेच, वॉरलॉर्ड गेम्स तिथलीच, मँटिकही तिथलीच. सैनिक पूर्वी शिशाच्या मिश्रधातूचे असत म्हणून त्या पट्ट्याला ‘लेड बेल्ट’ म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये गेम्स वर्कशॉप लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभरांत जाऊन बसली. खेळण्यातल्या सैनिकांवर एवढं साम्राज्य उभं राहिलं, याचं मलाही कौतुक आहे.

मग त्या गावी राहायला कुणी जावं? ज्याला सैनिक घडवता येतात त्याने. ज्याला त्या कंपन्यांत पोट भरायचंय त्याने. तुला काय येतं? जावा प्रोग्रॅमिंग. आणि रंगवण्याचं म्हणशील, तर तुझ्या खोलीतल्या कपाटावर काय रचून ठेवलंय ते मी पाहिलंय. प्लास्टिकच्या चौकटीतून न सुटलेले सैनिक, न फोडलेले खोके, आणि एक अर्धवट रंगवलेला ड्रेडनॉट, ज्याचा डावा हात अजून फेविक्विकची वाट बघतोय. नाचता येईना अंगण वाकडं, या म्हणीचा शाळेत तुझ्याकडून वाक्यात उपयोग करून घेतला होता. तिचा अर्थ तेव्हा डोक्यात शिरला नव्हता असं दिसतं.

कारखान्याच्या दारात खोका स्वस्त मिळतो असाही तुझा समज दिसतो. गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या दुकानात छापील किंमत, मग ते नॉटिंगहॅम असो की लीड्स. सवलत देतात ती स्वतंत्र दुकानं, आणि ती इंग्लंडभर आहेत. वॉरहॅमर वर्ल्डचं प्रदर्शन अप्रतिम आहे, हे मान्य. तिथल्या बगमन्स बारमध्ये बसून एकदा बिअर पी, तुझ्या आईला सांगत नाही. तिथे खेळायला टेबलही मिळतं. पण समोर उभा राहणारा माणूस तुझा तू आणायचा असतो. तो कुठून आणणार आहेस? बरं, ज्या गावात तू उभं आयुष्य काढायला निघालास, त्याच्या नगरपालिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये कलम ११४ ची नोटीस काढून जमाखर्चाचा मेळ बसत नाही असं जाहीर केलं, हे तरी तुला माहीत होतं का? गाव वाईट म्हणून सांगत नाही. ट्राम आहे, दोन विद्यापीठं आहेत, चांगलं गाव आहे. त्याबद्दल तू फक्त एका इमारतीपुरतं वाचलंस, म्हणून सांगतो.

आता मूळ मुद्दा. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मावळे मांडतो, तोफा ठेवतो, शेजारपाजारचे येऊन बघून जातात आणि चार दिवसांनी सगळं माळ्यावर जातं. तुझं वॉरगेमिंग आज तेवढंच आहे. मांडायचं, फोटो काढायचे, पुन्हा खोक्यात. “पुण्यात खेळायला कुणी नाही,” असं लिहिलंयस. कोथरूडचा तो मुलगा होता की! त्याने तुला ओळीने हरवलं, मग तू म्हणालास की त्याचं सैन्य रंगवलेलं नसतं, मजा येत नाही. रंगाच्या गोष्टी तू कराव्यास!

या खेळाला माणूस लागतो. दर आठवड्याला तोच, नाहीतर दुसरा, पण हाडामांसाचा, हरल्यावर कुरकुर न करता पुढच्या मंगळवारी पुन्हा येणारा. ब्रिटनमध्ये ज्यांनी हा छंद घरोघरी नेला, ते डॉनल्ड फेदरस्टोन व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. साउथहॅम्प्टनला राहिले, नोकरी सांभाळली, १९६२ मध्ये ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच सुमारास वॉरगेमर्ससाठी एक वार्तापत्र काढून विखुरलेल्या खेळाडूंना एकमेकांशी जोडलं. तेव्हा लेड बेल्ट नव्हता, काही नव्हतं. माणूस जिथे होता तिथे त्याने माणसं जमवली. तुला आयती जमलेली हवीत, आणि तीही कारखान्याशेजारी.

मुलीकडे शेफील्डला असताना मी एका क्लबाच्या संध्याकाळी जाऊन बसत असे, म्हणून ती कशी असते ते सांगतो. चर्चचा सभामंडप, भाड्याने घेतलेला. सातला दार उघडतं. जो आधी येतो तो घडीची टेबलं ओढतो, ती रडत-कुरकुरत उघडतात, मग त्यावर गुंडाळलेली चटई पसरायची आणि तिचे कोपरे वर वळू नयेत म्हणून पुस्तकं ठेवायची. एका डब्यात भाड्याची नाणी पडतात. चहाच्या कपाची खूण रणांगणावर उमटू नये म्हणून एक निवृत्त बसचालक सगळ्यांवर ओरडत असतो, आणि तोच नेपोलियनच्या घोडदळाबद्दल तोंडपाठ बोलतो. दहाला सगळं आवरून किल्ली परत द्यायची. नव्या माणसाकडे पहिल्या दिवशी कुणी फारसं बघत नाही. पण तो शेवटपर्यंत थांबून खुर्च्या रचू लागला की पुढच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, “पुढच्या वेळी माझ्याशी खेळशील?” तुझ्या मेलमध्ये खुर्च्या रचण्याची तयारी कुठे दिसली नाही. कुठल्या टेबलावरचा देखावा सर्वांत सुंदर, याची चौकशी मात्र पानभर.

घराचंही तसंच. “गेमिंग रूम असलेलं घर” शोधतोयस म्हणे. पहिल्या वर्षी तुला मिळणार आहे ती चार जणांच्या घरातली एक खोली. वॉरहॅमर ४०,००० चा आजचा पट ६० बाय ४४ इंचांचा, जुन्या पद्धतीचं टेबल सहा बाय चार फुटांचं. दोन्ही बाजूंना माणसाने उभं राहून वाकायचं तर टेबलाच्या रुंदीवर आणखी पाचेक फूट जागा धर. मग पलंग कुठे ठेवणार, छतावर? खाली घरमालकाचा फिक्या रंगाचा गालिचा असतो. त्यावर रंगाची बाटली सांडलीस तर डिपॉझिटवर पाणी सोड. ते बहुतेक घरांना पाच आठवड्यांच्या भाड्यापर्यंत असतं. खेळ क्लबातच होणार आहे. खोलीत रंगकाम होईल, आणि त्याला एक डेस्क, एक दिवा आणि उघडणारी खिडकी पुरते. हिवाळ्यात प्रायमरचा स्प्रे मारायला अंगणात जाऊ नकोस. थंड दमट हवेत तो सैनिकावर रवाळ बसतो आणि तलवार धरलेली बोटं साबुदाण्यात बुडवल्यासारखी दिसतात. कोरड्या दिवसाची वाट बघ, नाहीतर ब्रशने प्रायमर लाव.

सामानाचं थोडक्यात संपवतो: स्प्रे कॅन विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, ते कोथरूडच्या त्या मुलाला देऊन टाक. बाकी सैन्य मागाहून पार्सलने पाठवणार असशील, तर स्थलांतराची करसवलत निदान सहा महिने तुझ्याकडे असलेल्या, वापरातल्या वस्तूंनाच मिळते आणि तिचा अर्ज आधी करावा लागतो. तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात नवे खोके विकत घेण्याचा जो बेत तू कंसात लिहिलायस, तो कंसासकट खोडून टाक.

आणि ज्या लीड्सला तू पिवळा रंग दिलास, तिथे काय आहे ते तरी पाहिलंस का? रॉयल आर्मरीज संग्रहालय १९९६ पासून तिथे आहे. त्यात भारतातून गेलेलं हत्तीचं चिलखत आहे, क्लाइव्ह घराण्यातल्या बाईंनी १८०१ मध्ये नेलेलं. लीड्स आणि यॉर्कच्या मधे टाउटनचं मैदान, १४६१. यॉर्कच्या पश्चिमेला मार्स्टन मूर, १६४४. न्यूअर्कला पार्टिझन नावाचं वॉरगेमिंगचं प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं, आणि लीड्स-लंडन मार्गावरच्या काही गाड्या न्यूअर्कला थांबतात. तुझं लाडकं नॉटिंगहॅम रेल्वेने दोनेक तासांवर. सुट्टीच्या दिवशी सकाळी जा, डोळे भरून बघ, खिसा रिकामा कर आणि रात्री परत ये.

राहता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, “अनोळखी लोकांत मला कोण घेईल?” असई विसरलास? २३ सप्टेंबर १८०३. वाटाडे इंग्रज सेनापती वेलस्लीला सांगत होते की केळणा नदीला इथे उतार नाही. त्याने पाहिलं, दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत. माणसं नदीच्या आरपार ये-जा करत असणारच, म्हणजे उतार असणारच, असं त्याने ताडलं आणि सैन्य तिथून पार नेलं. पलीकडे शिंद्यांच्या पलटणींनी आपला सेनापती पोलमन याच्या हुकुमाखाली अख्खी फळी वळवून त्याच्यासमोर आणली, आणि त्या तोफांपुढे कंपनी सरकारचे दीड हजारांहून जास्त लोक मेले-जखमी झाले. इंग्लंडमधल्या वॉरगेमरला ही लढाई वेलस्लीच्या बाजूने पाठ असते. शिंद्यांच्या बाजूने, मराठीतली माहिती घेऊन, ती मांडणारा माणूस त्यांच्या क्लबात सहसा येत नाही. जुई आणि केळणा यांच्या मधला तो चिंचोळा पट्टा तू चौदाव्या वर्षी बाकावर खडूने काढला होतास. आता वॉरहॅमरमधल्या त्या स्पेस मरीनच्या चॅप्टरांची नावं घोकणं थोडे दिवस बंद ठेव आणि शिंद्यांच्या दोन पलटणी व चार तोफा रंगवून ने. कोण घेईल म्हणून विचारावं लागणार नाही.

लीड्सच्या आसपास कुठले क्लब कुठल्या वारी भरतात ते आजच शोध. त्यांच्या सेक्रेटरीला चार ओळी लिही. तुझा अनुभव जेवढा आहे तेवढाच लिही, फुगवू नकोस. घर बघताना नकाशावर कंपनी आणि तो सभामंडप, दोन्हीकडे एका बसने जाता येईल असा भाग बघ. परतीची शेवटची बस किती वाजता आहे तेही बघ, तुझ्या तक्त्यात त्याचा रकाना नाही.

आणि मला उत्तर लिहीत बसू नकोस. आधी कंपनीला लिही. आज बुधवार आहे.