आकडा कोणी लिहिला?

कार्ल हायसनच्या ‘स्किनी डिप’ (2004) या कादंबरीत खुनी कोण, हे सुरुवातीलाच कळतं. लग्नाच्या वाढदिवसानिमित्त क्रूझवर गेलेला चॅझ पेरोन रात्री बायकोला पाय धरून सरळ समुद्रात फेकतो. ती पट्टीची पोहणारी. पाण्यावर तरंगणारा गांजाचा एक गठ्ठा हाताशी येतो आणि ती वाचते. म्हणजे ‘कोणी केलं’ हे रहस्य नाहीच. रहस्य आहे ते ‘का केलं’ हे. आणि त्याचं उत्तर आहे फॉस्फरस!

चॅझ नावाला जीवशास्त्रज्ञ आहे. निसर्गाचा त्याला तिटकारा आहे. त्याचं काम फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या अफाट दलदलीत पाण्याचे नमुने घ्यायचं आणि त्यात फॉस्फरस किती ते नोंदवायचं. पण आतून तो रेड हॅमरनट नावाच्या बड्या शेतमालकाला विकला गेलाय. रेडच्या शेतातलं खतमिश्रित पाणी दलदलीत जातं आणि चॅझ तक्त्यात आकडे कमी करून लिहितो. बायकोला हे कळलं, असा त्याला संशय येतो. पुढचं तुम्ही वाचा, हायसन हसवतो भरपूर.

पात्रं काल्पनिक असली तरी दलदल खरी आहे आणि तिचं दुखणंही. तिथे जगणारं करवती पानांचं गवत अत्यंत कमी पोषणावर वाढायला सरावलेलं आहे. उसाच्या शेतांमधून फॉस्फरस आला की पाणकणीस माजतं, उजेड अडवतं, पाण्यातला प्राणवायू घटतो, पक्ष्यांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. 1988 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने यावरून फ्लोरिडाविरुद्ध खटला भरला. पुढे मर्यादा ठरली ती लीटरमागे 10 मायक्रोग्रॅम. इतकी सूक्ष्म गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. बदल दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तोवर त्या दलदलीच्या बाजूने बोलणारा साक्षीदार एकच, तक्त्यातला आकडा.

मी ही कादंबरी हसत वाचत होतो. चॅझ तक्ता भरायला बसतो तिथे मात्र थांबलो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एका कारखान्याचं काम होतं. सांडपाण्यावर बसवलेल्या सेन्सरचे आकडे डॅशबोर्डवर दाखवायचे. सेन्सर कधीकधी वेड्यासारखे आकडे देतात, म्हणून ठरावीक पातळीच्या वरचं रीडिंग ‘सेन्सर एरर’ समजून गाळायचं, असा फिल्टर मी लिहिला होता. त्यात गैर काहीच नव्हतं. मग एक दिवस तिकीट आलं : ही पातळी खाली आणा. नवी पातळी कायदेशीर मर्यादेच्या जेमतेम वर होती. म्हणजे मर्यादा चांगलीच ओलांडणारं प्रत्येक रीडिंग आता ‘एरर’ ठरणार होतं. मला ते कळलं. नाही असं नाही. एक ओळ बदलायची होती. वीस मिनिटांत तिकीट बंद केलं आणि जेवायला गेलो.

मी मनाशी काय म्हणालो? निर्णय क्लायंटचा, मॅनेजरने मान्य केलाय. मी नाही केलं तर शेजारचा करेल. आणि घराचा हप्ता आहे.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. म्हणूनच ती पटतात. पण फोक्सवॅगनच्या गाड्यांमधलं सॉफ्टवेअरही कोणा एकाने लिहिलं नव्हतं. गाडी चाचणीवर आहे हे ते ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करायचं. 2015 मध्ये ते उघडकीला आलं. जगभरात अशा सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या होत्या. त्यात 2017 साली जेम्स लिआंग या इंजिनिअरला 40 महिन्यांची शिक्षा झाली. तो काही कंपनीचा मालक नव्हता. पगारी माणूस होता.

आपल्याला वाल्या कोळ्याची गोष्ट लहानपणी सांगतात. पापात वाटेकरी व्हायला त्याच्या घरचं कोणी तयार होत नाही. ऑफिसात उलटं असतं : सगळे थोडं थोडं वाटून घेतात आणि शेवटी कोणाच्याच वाट्याला काही येत नाही. पण पाप दहा जणांत वाटलं म्हणून प्रत्येकाचं एक दशांश होत नाही. सांडपाणी तेवढंच वाहतं. आणि एक गोष्ट विसरू नका. वाल्या प्रत्येक खुनामागे रांजणात एक खडा टाकायचा. त्याने निदान मोजणी खरी ठेवली होती. आम्ही खडाच ‘एरर’ म्हणून फेकून दिला.

हायसनबद्दल माझी तक्रार एवढीच की त्याने चॅझला मूर्ख, लंपट आणि खुनी करून टाकलं. त्यामुळे वाचक निर्धास्त होतो, ‘मी असा नाही’. खरा चॅझ बायकोला समुद्रात ढकलत नाही. तो सोसायटीच्या गणपतीची वर्गणी गोळा करतो, झाडं लावतो आणि सोमवारी एक ओळ बदलतो.

मोठ्या निर्णयाची जबाबदारी मालकाचीच, ती कमी होत नाही. पण खोटं लिहिणारा हात लागतोच, आणि तो आपल्यासारख्यांचा असतो. नदी तक्रार करायला येत नाही. तिच्या वतीने बोलायचं काम ज्याच्याकडे आहे, त्याने गप्प बसणं हे नुसतं गप्प बसणं नसतं.

पुस्तक संपल्यावर मी मॅनेजरला मेल केला : तो फिल्टर चुकीचा आहे, निदान गाळलेली रीडिंग्ज वेगळ्या टेबलमध्ये साठवू या. बराच वेळ उत्तर आलं नाही. मग आलं, ‘ठीक, पण डॅशबोर्डला हात लावू नका.’ आता ते टेबल आहे. रोज त्यात ओळी पडतात. ते अजून कोणी उघडलेलं नाही.

हे पुरेसं नाही, हे मला माहीत आहे. कारण ते टेबल कुठे आहे, हेही मला माहीत आहे.