उरलेले नदीत बुडाले

इ.स.पू. ५५ मध्ये टेंक्टेरी आणि उसिपेटीस या दोन जर्मन जमाती बायकापोरांसकट ऱ्हाईन ओलांडून गॉलच्या बाजूला आल्या. स्वेबी नावाच्या बलाढ्य शेजाऱ्यांनी त्यांना मुलखातून हुसकून लावलं होतं. राहायला जमीन द्या, हे त्यांचं मागणं. ज्यूलियस सीझरशी बोलणी चालू असतानाच त्यांच्या आठशे स्वारांनी रोमन घोडदळावर हल्ला करून चौऱ्याहत्तर जण मारले. दुसऱ्या दिवशी सगळे म्होरके आणि वडीलधारे माफी मागायला रोमन छावणीत आले. सीझरने त्यांना तिथेच अडकवलं आणि म्होरक्यांविना उरलेल्या तळावर फौज घेऊन चालून गेला.

हे सगळं सीझरनेच 'गॅलिक युद्धा'च्या चौथ्या भागात लिहून ठेवलं आहे. लपवाछपवीचा आरोप त्याच्यावर सहज करता येत नाही. बायकामुलं वाट फुटेल तिकडे पळू लागली आणि त्यांच्या पाठलागावर सीझरने घोडदळ धाडलं, हे तो सरळ सांगतो. (स्वतःला तो 'मी' म्हणत नाही, 'सीझर' म्हणतो.) इथवर वाक्याला कर्ता आहे. घोडदळ बायकामुलांपर्यंत पोहोचलं की कर्ता गायब. तळावर लढणाऱ्या जर्मनांना मागून आरडाओरडा ऐकू येतो, आपली माणसं 'मारली जाताना' दिसतात, ते शस्त्रं टाकून पळतात. नद्यांच्या संगमापाशी मोठी संख्या 'मारली गेल्यावर' उरलेले पाण्यात उड्या घेतात आणि भीतीने, थकव्याने, प्रवाहाच्या जोराने मरतात. म्हणजे शेवटी नदीनेच मारलं म्हणायचं. रोमन माणसं परत दिसतात ती पुढच्या वाक्यात, 'आमचे' म्हणून, एकूण एक सुखरूप. शत्रूचा आकडा तो चार लाख तीस हजार देतो. तो फुगवलेला असावा असं इतिहासकार मानतात, पण फुगवावासा वाटला हेही काही कमी बोलकं नाही.

दोन्ही ठिकाणी सीझरने वापरलेलं क्रियापद 'इंटरफिकेरे'. त्याच्या पोटात साधं 'करणे' आहे. लॅटिनमध्ये मारण्याच्या शब्दांची टंचाई नव्हती. गळा चिरण्यासाठी वेगळा शब्द होता, विष देऊन किंवा उपाशी ठेवून मारण्यालाही चालेल असा वेगळा, आणि कत्तलीसाठी 'त्रुकिदारे'. हा शेवटचा शब्द सुमारे दीडशे वर्षांनी इतिहासकार टॅसिटसने रोमनांसाठी वापरला, पण स्वतःच्या तोंडाने नाही. ब्रिटनमधला शत्रूचा सरदार काल्गाकस याच्या भाषणात तो घातला. इंटरफिकेरे सर्वांत सपाट शब्द. त्यात रक्तही नाही, रागही नाही.

आपल्याकडे हा खेळ क्रियापदापेक्षा नामात जास्त चालतो. अफझलखानाचा वध होतो, नारायणराव पेशव्यांचा खून होतो. गांधीजींच्या बाबतीत 'वध' लिहायचं की 'हत्या', यावरून मराठी माणसं अजून हमरीतुमरीवर येतात, आणि यावेत असंच मला वाटतं. 'वध' म्हटलं की मेलेला माणूस राक्षसांच्या रांगेत जाऊन बसतो आणि मारणाऱ्याचा खटला न चालवताच निकाली निघतो. 'चकमकीत ठार' हा मथळा मात्र थेट सीझरच्या घराण्यातला. समोरून गोळी आली होती का, हे विचारायला त्यात जागाच नाही.

युरोपातल्या शाळकरी मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या 'गॅलिक युद्ध' हेच लॅटिनचं पहिलं सलग गद्य म्हणून वाचलं. 'मोठी संख्या मारली गेल्यावर' यासारख्या रचना त्यांनी विभक्ती ओळखायला सोडवल्या. सीझरची शैली स्वच्छ, म्हणून नमुन्याला घेतलेली. स्वच्छ आहेच ती.

डिसेंबर २०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या फ्राये विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ निको रॉयमन्स यांनी या कत्तलीची जागा नेदरलँड्समधल्या केसेल गावाजवळची असल्याचा दावा मांडला. तिथल्या नदीपात्रातून गाळ-वाळू उपसताना तलवारी, शिरस्त्राणं आणि पुष्कळ मानवी हाडं वर आली होती. हाडं पुरुषांची होती, बायकांची होती, मुलांचीही होती. काहींवर भाल्याच्या आणि तलवारीच्या जखमा आहेत. नुसत्या प्रवाहाच्या जोराने अशा जखमा होत नाहीत.

रोममध्ये त्या वर्षीच्या पराक्रमाबद्दल सिनेटने वीस दिवसांचा देवांचा आभारोत्सव ठरवला. सिनेटर केटोने मात्र सुचवलं की तह मोडल्याचं पाप शहरावर येऊ नये म्हणून सीझरलाच जर्मनांच्या हवाली करा. कोणी ऐकलं नाही. केटोचं सीझरशी वैर होतं, तेव्हा त्याच्या कळवळ्यात राजकारण किती हे ज्याने त्याने ठरवावं.

सुमारे सव्वाशे वर्षांनी रोमन लेखक थोरल्या प्लिनीने हिशेब मांडला. यादवी युद्धं सोडून सीझरच्या लढायांत ११ लाख ९२ हजार माणसं मेली, आणि मानवजातीला झालेली एवढी इजा आपण त्याच्या कीर्तीत जमा करणार नाही, असं त्याने म्हटलं. पण त्याने हेरलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. यादवीत रोमनांनी रोमनांना मारलं, त्या मृतांचा एकूण आकडा सीझरने कधीच जाहीर केला नाही. तिथे त्याला बेरीज करावीशीच वाटली नाही.