जागेचा दोष आणि गायनाची सेवा

गायन-वादन जेव्हा ईश्वराची सेवा म्हणून केले जाते, तेव्हा जागेच्या दोषामुळे त्या सेवेचे मूल्य घटते की नाही, हा प्रश्न भारतीय परंपरेत जुना असला, तरी परदेशात स्थायिक झालेल्या मराठी समाजापुढे तो नव्याने उभा राहिला आहे. रटगर्स विद्यापीठाचे बुश आणि लिव्हिंग्स्टन हे परिसर ज्या गावात आहेत, ते न्यू जर्सीतील पिस्कॅटवे आणि त्याला लागून असलेले एडिसन येथे भारतीय वस्ती मोठी आहे. अशा ठिकाणी गणेशोत्सव, दिवाळी किंवा अभंगगायनाचे कार्यक्रम बहुधा शाळेचे सभागृह, भोजनकक्ष किंवा जिम भाड्याने घेऊनच करावे लागतात. तेथे समईच्या जागी विजेचा दिवा असतो, दालनाच्या मागच्या बाजूला जेवणाची मांडामांड चाललेली असते, आणि ठरलेल्या वेळी जागा रिकामी करायची असल्यामुळे भैरवीची वेळ गवयाने नव्हे, तर घड्याळाने ठरवलेली असते. अशा जागी गाणाऱ्याला तक्रार करण्याचा अधिकार आहे काय, की तक्रार करणे म्हणजेच भक्तीत उणेपणा असणे?

भक्तिमार्गाचे उत्तर सर्वांच्या परिचयाचे आहे. आपण वैकुंठात किंवा योग्यांच्या हृदयात नव्हे, तर भक्त जेथे गातात तेथे राहतो, असे भगवंताने नारदाला सांगितल्याचे पद्मपुराणातील म्हणून प्रसिद्ध असलेले वचन आहे, आणि कीर्तनकार जेथे उभा राहतो ती जागा नारदाची गादी मानण्याचा संकेतही याच विचारातून आलेला आहे. आषाढी वारीत चंद्रभागेच्या वाळवंटात, म्हणजे नदीपात्रातील वाळूवर, अनेक फडांची कीर्तने एकाच वेळी चालतात, एका फडाचा मृदंग दुसऱ्याच्या अभंगावर आदळत असतो, वर छप्पर नसते, आणि तरीही त्या जागेइतकी पवित्र कीर्तनभूमी वारकऱ्याला दुसरी नाही.

परंतु याच परंपरेतील औंढा नागनाथाची कथा नीट वाचली, तर ती वेगळेच काही सांगते. पुजाऱ्यांनी कीर्तनाला हरकत घेतल्यामुळे नामदेव देवळाच्या मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी ती कथा आहे. तेथील नंदी देवळाच्या मागे असल्याचा दाखला तिच्या पुष्ट्यर्थ आजही दिला जातो. नामदेवांनी मागची जागा स्वीकारली हे खरे, पण देवाने ती त्यांच्यासाठी पुरेशी मानली नाही, हाच या कथेचा गाभा आहे. देव सर्वत्र आहे हे मान्य असूनही 1947 साली साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. ज्या चोखोबांना हयातीत आत प्रवेश नव्हता, त्यांच्या समाजाला ‘देव बाहेरही आहे’ असे सांगणे हे तत्त्वज्ञान नसून अन्याय ठरला असता. सर्व जागा सारख्याच पवित्र आहेत हे वाक्य कोण कोणाला उद्देशून म्हणतो, यावर त्याची सत्यता अवलंबून असते.

नाट्यशास्त्राने तर जागेचा प्रश्न अगदी आरंभीच घेतला आहे. भरताच्या कथनानुसार इंद्रध्वजाच्या उत्सवात झालेल्या पहिल्या प्रयोगातच विघ्नांनी नटांची वाणी आणि हालचाल गोठवली, आणि त्यानंतरच ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला नाट्यगृह बांधण्यास सांगितले. म्हणजे रंगगृहाचा जन्मच बिघडलेल्या प्रयोगातून झाला. प्रेक्षागृह प्रमाणाबाहेर मोठे असल्यास उच्चार विस्वर, म्हणजे अस्पष्ट, होतात, असा इशाराही त्यात आहे. पुढे सिद्धीच्या, म्हणजे प्रयोगाच्या यशाच्या, विवेचनात ‘घात’ या संज्ञेखाली प्रयोगाला बाधक गोष्टी सांगताना वारा, अग्नी, पाऊस, साप आणि कीटक हे दैवी घात, नटाच्या स्वतःच्या चुका, आणि आरडाओरड करणाऱ्या, शेण व ढेकळे फेकणाऱ्या परक्यांनी केलेले घात, असे भेद केलेले आहेत. यातील मोलाची बाब ही की वाऱ्याने बिघडलेल्या प्रयोगाचा दोष नटाच्या माथी मारला जात नाही. अभिनवगुप्ताने रसास्वादातील विघ्नांमध्ये प्रेक्षकाचे स्वतःच्या सुखदुःखात गुंतलेले असणे मोजले आणि त्यावरचा उपाय म्हणून गायन-वादनाबरोबरच सुशोभित मंडपाचाही उल्लेख केला. त्याच्या दृष्टीने मंडप हे श्रोत्याला त्याच्या विवंचनेतून बाहेर काढणारे साधन होते.

हे साधन बिघडते कसे, याचे भौतिक कारणही स्पष्ट आहे. हार्वर्डमधील एका व्याख्यानगृहात शब्द कळेनासे होत, म्हणून 1895 साली वॉलेस सॅबिन यांनी अभ्यास सुरू केला, तेव्हा तेथील आवाज सुमारे साडेपाच सेकंद घुमत असल्याचे त्यांना आढळले, आणि शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून ठेवल्यावर तो घुमारा कमी होत गेला. पिस्कॅटवेतील रटगर्सचे 1977 साली उघडलेले क्रीडागृह बास्केटबॉलच्या सामन्यांत त्याच्या कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटासाठीच नावाजले गेले. खेळाला बळ देणारा तोच घुमारा विलंबित ख्यालाचा एक स्वर दुसऱ्यात मिसळून टाकतो. लाकडी जमीन, उघड्या भिंती आणि लोखंडी खुर्च्या असलेल्या शाळेच्या जिममध्ये तेच घडते, आणि गाद्या-सतरंज्यांची भारतीय बैठक निघून गेली की आवाज शोषून घेणारे आवरणही तिच्याबरोबर जाते. शिवाय न्यू जर्सीच्या हिवाळ्यात तापवलेल्या कोरड्या हवेने तबल्याची पुडी ताणली जाऊन स्वर चढतो, तर दमट उन्हाळ्यात तो उतरतो.

भक्ती आणि शास्त्र यांतील हा दिसणारा विरोध गाडगे महाराजांच्या (1876–1956) आचरणात नाहीसा झालेला आढळतो. गावात पोहोचल्यावर ते आधी हातात खराटा घेऊन रस्ते आणि गटारे साफ करीत आणि रात्री तेथेच कीर्तनाला उभे राहत. त्यांचे अखेरचे कीर्तन तर नोव्हेंबर 1956 मध्ये मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झाले. कोणतीही जागा त्यांनी कीर्तनाला अयोग्य म्हणून नाकारली नाही, पण घाणीला पवित्रही म्हटले नाही. जागा सिद्ध करणे हा त्यांच्या लेखी कीर्तनाचाच पहिला भाग होता.

म्हणून ‘भाव असला की जागा कशीही चालते’ हे उद्गार गवयाच्या तोंडी शोभतात. यजमानाने ते उच्चारणे म्हणजे स्वतःची हयगय देवाच्या नावावर खपवणे होय. पिस्कॅटवेतील आणि अन्यत्रच्या मंडळांनी जेवण आणि गायन एका दालनात ठेवू नये, रंगमंचासमोर सतरंज्या अंथराव्यात, आणि साथीदारांना वाद्ये लावण्यासाठी कार्यक्रमापूर्वी किमान तासभर तेच दालन मोकळे करून द्यावे.